गेनबाकडे जाऊ या

चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला नावं ठेवायला नको.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटखालच्या लोखंडी चौकटी तयार होतात. एका जपानी कंपनीने नुकतीच तिच्यात भागीदारी घेतली होती आणि तिकडचे पहिले साहेब, ओका-सान, त्या दिवशी यायचे होते. माझाही पहिलाच दिवस. मी सृष्टी शिंदे, जपानी भाषेची दुभाषी. तीन वर्षं जपानात राहून पिंपळे गुरवला आईबाबांकडे परत आले होते, त्याला जेमतेम दोन महिने झालेले. तिकडचं वारं अंगातून अजून गेलं नव्हतं. रिक्षावाल्यालासुद्धा कमरेतून वाकून नमस्कार करायचे.

कॉन्फरन्स रूममध्ये चहा झाला, बिस्किटं झाली, पडद्यावर रंगीत आलेख सुरू झाले. ओका-सान दहा मिनिटांत कंटाळले. उठून उभे राहिले आणि एक वाक्य बोलले. पंचवीस माना माझ्याकडे वळल्या.

"साहेब म्हणताहेत," मी झोकात सांगितलं, "इथे बसून काय कळणार? गेम्बाकडे जाऊ या."

आता गेम्बा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. कारखान्याचा फ्लोअर. जपानात हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकायचे, त्यामुळे त्याचं मराठी करायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दाराशी सिक्युरिटीचे मारुतराव उभे होते. पोलिसातून रिटायर झालेले, हुकूम आला की निघालेच.

"गेनबाकडं? वेल्डिंगच्या?" असं काहीतरी पुटपुटत ते गेलेसुद्धा.

आणि पाच मिनिटांत एका मुलाला दंडाला धरून घेऊन आले. निळा युनिफॉर्म, त्यावर चामड्याचा एप्रन, एका हातात मोजा, दुसरा हात उघडा. वेल्डिंगची काच कपाळावर सरकवलेली. चेहरा पार उतरलेला.

"साहेब, हा गेनबा," मारुतरावांनी सॅल्यूट ठोकला. "गेनबा येळवंडे. तुम्ही त्याच्याकडं येताय म्हणालात, म्हटलं त्यालाच आणावा."

"माझं काही चुकलं का?" त्या मुलाने विचारलं.

मी हसले. हसले म्हणजे... नुसतं हसले नाही. टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग सगळी खोली हसली. मला वाटलं, तोही हसेल. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. 'अच्छा, तुम्हीपण,' एवढंच होतं त्या नजरेत.

ओका-साननी विचारलं, काय झालं? मी उचक्या देत सांगितलं. तर हा साठीचा माणूस कोटाची बटणं लावून त्या मुलापुढे कमरेत वाकला.

"चाळीस वर्षं मी गेम्बाला भेटायला जातोय," ते म्हणाले. "गेम्बा मला भेटायला आला, असं आज पहिल्यांदा झालं."

मग अख्खा कारखाना त्यांनी गेनबाकडूनच पाहून घेतला. प्रत्येक मशीनपाशी प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला त्याचं नेमकं, कमी शब्दांतलं उत्तर. कुठला जोड का तुटतो, कुठला टिकतो, हे तो बोटाने लोखंडावर गिरवून दाखवायचा. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं बोलत होते. तासाभरात तो ओका-सानशी बोलला, मारुतरावांशी बोलला, क्रेनवाल्याशी बोलला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

* * *

ओका-सान परत गेले ते एक फर्मान काढून. चार मुलांना जपानी शिकवायचं, त्यांतला एक वर्षभरासाठी तिकडच्या कारखान्यात जाईल. फर्स्ट शिफ्ट सुटली की चार ते पाच कॅन्टीनमध्ये क्लास. मास्तरीण मी.

गेनबा सगळ्यांत मागे बसायचा. गेम्बा आणि गेनबा या प्रकारावर पोरांनी आठवडाभर त्याचा जीव नकोसा केला होता. "भावा, आज साहेब तुझ्यावरून चालत जाणार हाय म्हणं!" तो मान खाली घालून अक्षरं गिरवायचा. अक्षर मात्र काय सुरेख! वेल्डिंग करणाऱ्याचा हात, कुठे थरथर नाही.

पहिल्या क्लासनंतर मी त्याला गाठलं.

"येळवंडे, त्या दिवशी मी... म्हणजे मला तसं..."

"राहू द्या मॅडम. पहिलीपासून सवय आहे."

तो वही पिशवीत घालून निघाला. चार पावलं गेला आणि वळला.

"एक विचारू? तिकडच्या लोकांची नावं कशी असतात हो? म्हणजे... हसण्यासारखी असतात का?"

मला तेवढंच हवं होतं. मी चहाचे दोन कप घेतले आणि त्याच्या समोर बसले.

"मी राहायचे त्या शहराचं नाव त्सु."

"पुढे?"

"पुढे काही नाही. त्सु. संपलं."

"एका अक्षराचं गाव?" त्याने कप खाली ठेवला. "एसटीच्या पाटीचा निम्मा रंग वाचत असेल."

"माझी रूममेट होती नाना. वय बावीस, केस गुलाबी."

"आमचे नाना डेअरीवर दूध मोजतात. मिशा आहेत त्यांना."

"शेजारीण मामी. आणि त्या मामीच्या मुलीचं नाव आई."

"मामीची मुलगी आई..." त्याने डोकं धरलं. "म्हणजे मामा कोण झाला मग?"

"आई म्हणजे त्यांच्या भाषेत प्रेम," मी सांगितलं.

"मग आपल्या भाषेत काय वेगळं आहे?" तो हळूच म्हणाला.

मी उगाच बिस्किटाचा पुडा उघडला. कॅन्टीनमध्ये संध्याकाळच्या वड्यांचा घाणा निघत होता, दारातून पौषातली थंडी आत येत होती, आणि मला एकदम गरम व्हायला लागलं.

मग रोजचंच झालं. क्लास संपला की बाकीची पोरं बस पकडायला पळायची आणि आमचा नावांचा दुसरा क्लास भरायचा. ओका-सानचं नाव ऐकून माझ्या आईने फोनवर "अगं बाई, कुणाला उलटी झाली?" म्हणून विचारलं होतं, ते मी सांगितलं. त्याने सांगितलं की त्यांच्या भावकीत दगडू, धोंडू आणि खंडू असे तीन सख्खे भाऊ आहेत आणि तिघांचाही खडीचा धंदा आहे.

"आणखी एक आडनाव आहे तिकडे," एकदा मी बोलून गेले आणि जीभ चावली. "पण ते मी नाही सांगणार."

"का?"

"सांगण्यासारखं नाही."

"लिहून द्या मग."

मी कागदी रुमालावर दोन अक्षरं लिहिली, चार घड्या घातल्या, तो त्याच्या पुढ्यात टाकला आणि पर्स उचलून तरातरा चालायला लागले. ते आडनाव पोटाशीच संबंधित होतं, ओका-सानसारखं, पण विरुद्ध टोकाचं. दारापर्यंत पोहोचते तोच मागे हसू फुटलं. मोठं, मोकळं, बाकावर थापा मारत. त्याला हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मागे वळून बघायची फार इच्छा झाली. पण लाजेने मान वळेचना.

* * *

जानेवारीत एकदा कंपनीची बस चुकली. खरं सांगायचं तर चुकवली. गेनबाने मोटरसायकल काढली. "आधी घरी वासुलीला आजीची औषधं टाकतो, मग चाकणच्या स्टँडवर सोडतो तुम्हाला, चालेल?"

चालेल काय! मी बसलेच होते.

कारखान्यांच्या भिंती संपल्या, हरभऱ्याची दोन-चार रानं लागली, आणि रस्त्याच्या कडेला पाटी दिसली. मराठीत आणि इंग्रजीत, ठळक. शिंदे.

"थांबा, थांबा!"

त्याने करकचून ब्रेक मारला. "काय पडलं?"

"गावाचं नाव शिंदे?"

"शिंदेच. आमच्या शेजारचं. का?"

मी उतरून त्या पाटीपुढे उभी राहिले. गेनबाने गाडी बाजूला घेतली आणि वाट बघत राहिला. मग जे मी आईबाबांनाही सांगितलं नव्हतं, ते त्या पाटीखाली उभी राहून त्याला सांगितलं.

"तिकडे पहिल्या दिवशी चाळीस लोकांपुढे मी उभी राहिले आणि म्हटलं, मी शिंदे. हॉलमध्ये चिडीचूप. त्यांच्या भाषेत शिंदे म्हणजे... मेलेलं. कुणाला 'शिंदे' म्हटलं तर, मर जा."

"आयला!" तो म्हणाला आणि लगेच, "सॉरी मॅडम."

"एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले. बाहेर तीस आजारी माणसं बसलेली. नर्स नाव पुकारायला आली, कागद बघितला आणि तिच्या तोंडातून शब्दच फुटेना. आजारी माणसांपुढे 'मर जा' असं कसं ओरडणार बिचारी? शेवटी एकेकाकडे बघत माझ्यापर्यंत आली, गुडघ्यांवर बसली आणि कानात म्हणाली, आपणच त्या... नावाच्या ना?"

तो हसला नाही. मी मात्र हसत होते.

"मग ऑफिसातल्या साहेबांनी सुचवलं, सिंडी म्हणा. तीन वर्षं मी सिंडी होते. दारावर सिंडी, डब्यावर सिंडी. बाबांना सांगितलं नाही. परांड्याहून तीस वर्षांपूर्वी एका ट्रंकेवर आले ते इथे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने आडनाव लिहिलेलं आहे अजून. त्यांना काय सांगायचं?"

आता मात्र माझं हसू थांबलं. थंडीने असेल, नाकातून पाणी यायला लागलं.

गेनबाने हेल्मेट काढलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही हात तोंडापाशी नेऊन तो ओरडला, "शिंदे मॅडम!"

"अहो, काय?"

"शिंदे मॅडम! ओ शिंदे मॅडम!"

"काय झालं? इथेच तर आहे मी!"

"काही नाही," तो हेल्मेट घालत म्हणाला. "तीन वर्षांत कुणी हाक मारली नसेल ना, म्हणून."

पुढचा रस्ता मी मागची कडी धरून बसले नाही. त्याच्या जर्किनची कड धरली. त्याला कळलं असणार, कारण खड्डे नसतानाही गाडी फार हळू चालत होती.

प्रेमात पडले होते मी. आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. त्याने माझं नाव रानात ओरडून घेतलं, पण मी त्याला अजून येळवंडेच म्हणत होते. पहिल्या दिवशीच्या हसण्याची अशी लाज बसली होती की 'गेनबा' हा शब्द माझ्या तोंडातून एकदाही निघाला नव्हता.

* * *

फेब्रुवारीत निकाल लागला. जपानला गेनबा जाणार! मारुतरावांनी गेटवर पेढे वाटले, जणू त्यांनीच त्याला शोधून काढला होता. एका अर्थी काढलाच होता म्हणा. दीड महिन्यात पासपोर्ट हवा होता.

शुक्रवारी क्लास संपल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"सोमवारी देतोय. नाव बदलायचा अर्ज. राजपत्रात आलं की त्याच नावाने पासपोर्ट काढायचा." तो थोडा थांबला. "ज्ञानेश. ज्ञानेश येळवंडे. कसं वाटतं?"

मी हातातली वही मिटली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दोन स्थळं नावावरून परत गेलीत. एक मुलगी म्हणाली, मुलगा चांगलाय, पण पत्रिकेत हे छापायचं कसं? आणि तिकडे तर मॅडम, सगळे मला 'कारखाना' म्हणणार. वर्षभर मी कारखाना म्हणून जगू?"

"त्यांना ज्ञानेश म्हणताच येणार नाही! दोन्यानेशू म्हणतील!"

"म्हणू दे. हसणार तर नाहीत." तो कागदाची घडी बोटाने दाबत होता. "तुम्ही शिकलेल्या, जग बघितलेल्या. तुम्हाला एवढं हसू आलं त्या दिवशी. मग बाकीच्यांचं काय?"

हे माझ्यावर येणार, हे मला माहीत होतं. आलं तेव्हा मात्र सहन झालं नाही. आणि चूक आपली असली की आवाज जास्तच चढतो माणसाचा.

"नाव काय युनिफॉर्म आहे, शिफ्ट संपली की बदलायला? घरचे काय म्हणतात?"

"आजी म्हणाली, बदल. आजोबांचं नाव आहे, तरी म्हणाली." मग तोही चिडला. "आणि हे मला कोण सांगतंय? सिंडी मॅडम?"

त्याला बोलल्याबरोबर वाईट वाटलं, ते दिसलं मला. पण बाण सुटला होता. मी पर्स उचलली आणि बस गाठली. पिंपळे गुरवपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "कांद्याच्या गाडीमागून आलो म्हणून डोळ्यांत पाणी आलं का गं?" मी हो म्हटलं.

* * *

रविवारी त्याच्या घरी माझं जेवण ठरलेलं होतं. "मास्तरीणबाईला एकडाव आण जेवाया," असं त्याच्या आजीने, गवराबाईंनी, भांडणाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. जाऊ की नको करत अकरा वाजता मी वासुलीत उतरले. म्हाताऱ्या माणसाचं आमंत्रण मोडायचं नसतं, अशी मी माझीच समजूत घातली.

स्लॅबचं घर, शेजारी भाडेकरूंच्या सहा खोल्यांची रांग, पुढे ओटा. ओट्यावर एका बाजूला कलणाऱ्या बाजेवर गवराबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. घरचे सगळे एका लग्नाला गेलेले.

"ये बाय. त्यो मोटर चालू कराया गेलाय रानात. यील आत्ता. बस."

मी शेंगा सोलायला घेतल्या. तेवढ्यात एका खोलीतून कुणीतरी बाहेर आलं. "गेनबाभाऊ! ओ गेनबाभाऊ, पाणी न्हाई आलं!"

गवराबाईंचे हात थांबले. चेहरा आवाजाच्या दिशेने वळला आणि ओठांवर काहीतरी उमटून गेलं. हाक मारणारा आत गेला, तशी त्यांनी पुढची शेंग उचलली.

"आजी, तुम्ही काय म्हणता त्याला? हाक कशी मारता?"

"मी? ए पोरा म्हंती." त्या लाजल्या. पंच्याऐंशीच्या बाईला लाजताना मी पहिल्यांदा बघितलं. "आगं, आमच्या ह्यांचं नाव हाय त्ये. हे गेलं आन सव्वा म्हैन्यानं ह्यो झाला. मग त्येंचंच ठिवलं. मला कसं घेता यील? लग्नात एकडाव घेतलं हुतं, उखाण्यात. फुडं न्हाई."

"मग आता तो नाव बदलतोय... तुम्ही हो म्हणालात?"

त्यांनी सुपातले दाणे उगाच इकडून तिकडे केले.

"मला घेता येत न्हाई, पर ऐकाया येतं की. समदं गाव दिसभर हाक मारतं त्येला. भाडेकरू मारत्यात, दूधवाला मारतो. गेनबा आला का, गेनबा जेवला का. मी हितं बसून ऐकती. वाटतं, हैत. हितंच कुठं रानात गेल्यात, येत्याल." त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "पर त्येचं भलं हुतंय तर बदलू दे. म्हातारीच्या कानासाठी पोरानं का आडून बसावं? तू त्येला बोलू नगंस हं ह्यातलं. लांब जायचंय त्येला. मन हितं बांधून ठिवायचं न्हाई. माझी आन हाय तुला."

मी मान हलवली. बोलायची सोयच राहिली नव्हती.

फाटक वाजलं. गेनबा आला, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून तिथेच थबकला. गवराबाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं, सूप उचललं आणि "भाकऱ्या टाकती," म्हणत आत गेल्या.

"मला वाटलं, येणार नाही तुम्ही," तो म्हणाला. "मी तसं बोलायला नको होतं. सिंडी वगैरे."

"तो अर्ज कुठाय?"

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "उद्या देणार."

"नका देऊ."

"का?"

का! खरं कारण आत भाकऱ्या थापत होतं आणि त्याची मला शपथ पडली होती.

"सांगा ना मॅडम. तुमचं ऐकेन मी. पण कारण तर सांगा."

म्हणजे आता माझ्याजवळचं दुसरं कारण उरलं. तेही खरंच होतं. तेवढंच खरं, फक्त ते सांगायला माझीच छाती होत नव्हती.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. एका दमात, बाजेच्या पायाकडे बघत. "खूप आवडता. त्या पाटीखाली ओरडलात ना, त्याच्याही आधीपासून. आणि मला आवडतो तो काही ज्ञानेश नाही. ज्ञानेश कोण, कुठला, मला माहीत नाही. उद्या त्याला हाक मारली तर मला दुसऱ्याच कुणाला तरी बोलावल्यासारखं वाटेल."

त्याने खिशावरचा हात खाली घेतला. पायावरचा चिखल वाळायला लागला होता.

"मग... कुणाला बोलवायचंय?" त्याने विचारलं. आवाज जरासा कापरा आणि जरासा लबाड.

"तुम्हाला माहितीये."

"मला नाही माहीत. तुम्ही कधी घेतलंच नाही माझं नाव. फक्त हसलात."

बरोबर होतं त्याचं. मला एवढ्या भाषा येतात आणि त्या क्षणी एकीनेही मदत केली नाही. मग लग्नाकार्यात मावश्या करतात ते आठवलं. मी ओढणी सारखी केली, घसा खाकरला, आणि जुळेल तसं म्हणून टाकलं...

"दर्याकाठी वसलंय एका अक्षराचं त्सु,
गेनबाचं नाव घेते, नका कुणी हसू."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

गेनबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हा... हा उखाणा होता."

"मग काय जपानी कविता होती?"

"उखाण्यात नाव कोण घेतं, माहितीये ना?"

"चांगलं माहितीये."

"म्हणजे तू..." तो पहिल्यांदाच मला तू म्हणाला आणि पुढचं विसरला. खिशातून अर्ज काढला, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग आहे त्या घडीची आणखी एक घडी घातली, खाली वाकला आणि बाजेच्या आखूड पायाखाली सरकवून दिला. हाताने दाबून बघितलं. बाज हलायची थांबली.

"वर्षभर तिकडे कारखाना म्हणून राहावं लागेल मला," तो म्हणाला.

"राहा. मी काही कुठे जात नाही. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. मी शिंदे आहे आणि पुढेही शिंदेच राहणार. एकदा सोडून बघितलंय, पुन्हा नाही."

"राहा की. आमच्या शेजारचंच गाव आहे." तो हसला, अगदी त्या कागदी रुमालाच्या दिवशीसारखा. ह्या वेळी मी त्याच्याकडे बघत होते. हाताला माती होती म्हणून त्याने नुसती करंगळी पुढे केली. मी ती धरली.

आतून गवराबाईंचा आवाज आला. "पोरी, हाक मार गं त्येला. भाकरी निवाय लागलीया."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याची करंगळी माझ्या हातात होती. मी छाती भरून श्वास घेतला.

"गेनबा!"

"अगं, इथेच आहे ना मी!" तो दचकलाच. "एवढ्यानं कशाला?"

आत सगळं शांत होतं. तवाही वाजत नव्हता.

"ऐकू न्हाई आलं गं," गवराबाई म्हणाल्या.

मी पुन्हा हाक मारली, अजून मोठ्याने.